इन्स्पेक्टर ढेमसे आणि खरी गहूपोत

१४ डिसेंबर, फैजपूर

आज इन्स्पेक्टर पळाला. म्हणजे आमच्या सिनेमातला. सावद्याचे एक निवृत्त कारकून ती भूमिका करणार होते. त्यांना सुनेनं सांगितलं, नाचायचंच असेल तर नातवाच्या लग्नात नाचा. तेव्हा आता लेखक मी, दिग्दर्शक मी आणि इन्स्पेक्टर ढेमसेही मीच.

ललितला विचारलं, "मी शोभेन का रे?" ललित माझा स्टुडिओतला भागीदार. कॅमेरा त्याच्याकडे असतो.

तो म्हणाला, "भाऊ, ढेमसे बावळट आहे ना? मग काही प्रश्नच नाही."

सत्तावीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढले. दुसऱ्यांच्या मुंडावळ्या आणि दुसऱ्यांचे रुसलेले जावई. पन्नाशीच्या आत स्वतःचं काहीतरी काढायचं, असं ठरवलं होतं, आणि पन्नाशीला चार महिने उरले आहेत. म्हणून ही विनोदी खान्देशी फिल्म, एका सावकारणीची पोत चोरीला जाते त्यावरची. इन्स्पेक्टर येतो, सगळ्या गावावर संशय घेतो आणि स्वतःच्याच बेड्यांत अडकतो. मोठे दिग्दर्शक दैनंदिनी लिहितात असं ऐकलंय, म्हणून आजपासून मीही लिहिणार.

वर्दी घालून पाहिली. पोटावरची दोन बटणं लागत नाहीत. सुनिता म्हणाली, "श्वास घेऊ नका, म्हणजे लागतील." लागली. पण मग संवाद म्हणता येत नाहीत.

१६ डिसेंबर

पोतीचा प्रश्न उभा राहिला. जळगावहून खोटी गहूपोत आणली होती. कॅमेऱ्यात ती अशी दिसते, की चोर ती चोरण्याऐवजी परत आणून देईल. गव्हाच्या दाण्यांसारखे मणी जवळून दाखवायचे तर सोनं खरंच हवं, असं मी जाहीर केलं.

खरी गहूपोत माझ्या माहितीत एकच. आमच्या आईची. आईनं ती अक्काला दिली. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण भिकुबाई, चाळीस वर्षं धुळ्यात आहे. तिच्याकडे मागायचं धाडस इन्स्पेक्टर ढेमसेत असेल, माझ्यात नाही.

"मागून तर बघा," सुनिता म्हणाली. माझ्या फिल्मबद्दल तिनं काढलेला हा पहिला बरा शब्द.

१८ डिसेंबर, धुळे

सकाळच्या एसटीनं आलो. अक्काच्या घरी वातावरण तापलेलं होतं.

अक्काचा धाकटा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको ममता, वय बत्तीस, एका लॅबमध्ये नोकरी करते आणि अक्काजवळच राहते. तिला चाळीसगावच्या एका विधुर शिक्षकाचं स्थळ आलंय, तिला ते पसंत आहे आणि नोंदणी लग्नाची नोटीसही दिली आहे. अक्कालाही पसंत आहे. थोरला ईश्वर म्हणतो, खुशाल कर, पण या घरातलं सोनं या घरात राहील.

मी आत गेलो तेव्हा तो म्हणत होता, "गुंजभरसुद्धा जाणार नाही. आजीची पोत तर नाहीच नाही. उद्या ती पोत हिच्या गळ्यात दिसली, तर मी चाळीसगावला जाऊन चारचौघांत उतरवून आणीन."

ममता ओट्याजवळ चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही.

अशा वेळी मी माझं काम काढलं! मलाच माझी कमाल वाटते. म्हटलं, "अक्का, शूटिंगसाठी चार दिवस पोत देशील का?"

ईश्वर म्हणाला, "मामा, तुम्हाला वेड लागलंय?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठली, कपाटातून लाल डबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"लई जाय. ध्यान ठेवजो."

"आई, हा हरवेल!" ईश्वर ओरडला.

"मन्हा भाऊ शे तो," अक्का म्हणाली.

बसमध्ये डोळे भरून आले. बहिणीचा केवढा विश्वास! घरी पोचलो तर सुनिता अक्काशीच फोनवर बोलत होती. चाळीस मिनिटं. विचारलं तर म्हणाली, "भरीत कसं करायचं ते विचारत होते." पंचवीस वर्षं ती भरीत करते आहे, तरी शिकायची हौस आहे.

२१ डिसेंबर

घडलं ते क्रमानं लिहितो.

गावाबाहेरच्या केळीच्या गोडाऊनमध्ये शूटिंग होतं. सावकारीण झाली होती कोकिळा, अंगणवाडीतली. चोर झाला होता छगन. छगन या गोडाऊनमध्येच हमाल आहे, ट्रकमध्ये केळीची खोकी भरतो. उंच, रुंद आणि डोळ्यांनी अत्यंत गरीब, म्हणून चोर म्हणून फार विनोदी दिसतो.

सकाळी पोतीचे जवळचे शॉट झाले. ललित म्हणाला, "भाऊ, सोनं ॲक्टिंग करतंय." माझ्याबद्दल तो काही म्हणाला नाही.

शॉट संपल्यावर सुनितानं स्वतः कोकिळाच्या गळ्यातली पोत काढली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. कपडेपट तिच्याकडेच आहे. मी डबी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली वर्दीच्या खिशात घातली. डबी उघडून पाहिली नाही. बायकोनं बंद केलेली वस्तू उघडून पाहायची नाही, असा आमच्या घरचा रिवाज आहे. त्यामुळेच संसार टिकला आहे.

जेवणाची सुट्टी झाली. तीन वाजता ट्रंक उघडली, डबी उघडली, आत नुसता कापूस.

मी ओरडलो, "पोत चोरीला गेली!" तो सिनेमातलाच संवाद असल्यामुळे सगळे हसले. ललितनं तर कॅमेराही सुरू केला. मी तीनदा ओरडलो तेव्हा कोकिळा म्हणाली, "भाऊंनी पहिल्यांदाच छान केलं."

२२ डिसेंबर

अक्काला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. सुनिताच म्हणाली, "मी जाते, शांतपणे सांगते." बामणोदची भरताची वांगी घेऊन ती सकाळच्या गाडीनं गेली. पिशवी मी बसमध्ये चढवायला गेलो तर मला हातसुद्धा लावू दिला नाही. मांडीवर घट्ट धरून बसली. वांगी दबली की भरताला चव राहत नाही, हे खरं आहे.

संध्याकाळी परतली ती चक्क प्रसन्न. म्हटलं, "अक्का रागावली?"

"थोड्या रागावल्या. म्हणाल्या, त्याला फार शोधू देऊ नका, तब्येतीला जपायला सांगा."

केवढं मोठं मन! पण मी शोधणारच. इन्स्पेक्टर ढेमसेच्या भूमिकेसाठी मी तीन महिने तपासाचा अभ्यास केला आहे. तो वाया जाऊ देणार नाही.

२४ डिसेंबर

तपास सुरू केला. ट्रंकेवर टाल्कम पावडर टाकून बोटांचे ठसे पाहिले. सगळे माझेच निघाले. नंतर शिंका.

मग कोण कुठे होतं, ते लिहून काढलं. ललित आणि कोकिळा माझ्यासमोर जेवत होते. सुनिता म्हणते, ती गोडाऊनच्या मागे स्टोव्हवर सगळ्यांसाठी चहा करत होती. राहिला छगन. त्याला विचारलं तर म्हणतो, "मी तं फाट्यावरून चहा आनाले गेलतो भाऊ. किटली भरून आनला. तुमीच दोन कप पेले."

एका युनिटला दोन चहा कशाला लागतील? दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं. आणि सुनिता काही खोटं बोलणार नाही.

फाट्यावरच्या चहावाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, छगननं किटली नेली होती. म्हणजे चहावालाही सामील आहे. प्रकरण वाटलं त्याहून मोठं आहे.

२६ डिसेंबर

छगनला स्टुडिओत बोलावलं. उलटतपासणी कशी करायची ते सुचेना, म्हणून सिनेमातलाच प्रसंग धरला. त्याच्या तोंडावर फोटोचा दिवा लावला आणि म्हटलं, "कायद्याचे हात लांब असतात आणि माझे त्याहून लांब!"

छगन हसला. हा संवाद त्याला आवडतो.

"छगन, मी खरंच विचारतोय. पोत कुठे आहे?"

त्याचं हसू हळूहळू गेलं. तो दिव्याकडे पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दिव्यामुळे असावं.

"भाऊ, पिच्चरमंधी चोर म्हना, आई-बहिनीवरून शिव्या द्या, मले चालते. पन हे तुमी खरंखरं म्हनू राह्यले का?"

तो उठला. दारात डोकं आपटू नये म्हणून वाकला आणि गेला.

सुनिताला हे सांगितलं तर तिनं हातातली परात जोरात आदळली. "छगनभाऊंचं नाव घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"पुरावा."

"कसला पुरावा? चहाचा?" ती पुढे काहीतरी बोलणार होती. मग पदर तोंडाला लावून आत गेली. तिचा स्वभाव हळवा आहे.

२८ डिसेंबर

गोष्ट गावभर झाली आहे. मी फक्त ललितला सांगितलं होतं. गोडाऊनच्या मुकादमानं छगनला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. त्याची बायको शेवंताबाई आमच्या दारावरून गेली, तेव्हा सुनितानं तिला हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. सुनिता अर्धा तास ओट्यावर बसून राहिली. मग फोन घेऊन गच्चीवर गेली.

मलाही चैन नाही. छगन जर चोर असेल तर त्याला चोर म्हणताना मलाच चोरट्यासारखं का वाटतं? आणि नसेल तर? हा प्रश्न ढेमसेला कधीच पडत नाही. मीच तसा लिहिलाय त्याला.

२९ डिसेंबर

आज ईश्वर गाडी घेऊन धुळ्याहून आला. आत आल्यावर पाणीही घेतलं नाही.

"मामा, आजच्या आज पोलिसात चला. संशयित कोण ते त्यांना सांगा. बाकीचं ते बघतील."

मी म्हटलं, "माझी खात्री नाही रे."

"मग लोकांना काय सांगत फिरताय? एक तर तो चोर आहे, नाहीतर तुम्ही."

बोलणं चोख होतं. मी चप्पल घातली. सुनिता दारात आडवी उभी राहिली. "आज नको. उद्या. आज अमावास्या आहे."

कॅलेंडरवर अमावास्या नव्हती. पण ती इतकी पांढरी पडली होती, की मी म्हटलं, बरं, उद्या. ईश्वर रागारागानं भुसावळला मित्राकडे मुक्कामाला गेला.

३० डिसेंबर

आजचा दिवस पूर्ण लिहितो. ही वही यापुढे कुलपात ठेवायची आहे. किल्ली वर्दीच्या खिशात नको.

सकाळी अकराला पोलीस ठाण्यासमोर पोचलो. ईश्वर आधीच पायरीवर उभा. छगनलाही त्यानंच बोलावून घेतलं होतं. सोबत मुकादम आणि ललित. मी पहिली पायरी चढलो, तेवढ्यात मागून रिक्षा थांबली आणि तीतून अक्का उतरली. गुडघे दुखतात म्हणून ती गल्लीच्या टोकापर्यंतही जात नाही. धुळ्याहून दोन एसट्या बदलून आली होती.

"आई, तू कशाला आलीस?" ईश्वर पुढे धावला.

"मले भाऊसंगे बोलनं शे," ती म्हणाली आणि माझा दंड धरून समोरच्या कडुलिंबाखाली घेऊन गेली.

तिला धाप लागली होती. मी पाणी आणतो म्हटलं तर दंड सोडेना.

"पोत चोरायेल नही शे, योगराज."

"मग?"

"जठे जावाले पाहिजे तठे गयी."

मला आधी काही कळलं नाही. मग ममता आठवली, तिची खाली घातलेली मान आठवली, आणि हळूहळू कळलं. अक्का पुढे सगळं सांगत राहिली. पोत आईनं तिला दिलेली, तिनं कोणाला द्यायची ते तिनं ठरवलं होतं. पण उघड दिली तर ईश्वर त्या पोरीला नव्या घरात सुखानं राहू देणार नाही. जन्मभर ऐकवेल, घर लुटून गेली. पोत हरवली असं झालं तर कोणाचंच काही म्हणणं राहत नाही.

"पण मीच का?"

अक्का पहिल्यांदा हसली. "तू हारपाडी म्हंतं तर बठ्ठासले पटस." मी हरवली म्हटलं की सगळ्यांना पटतं, म्हणे!

"मला आधी सांगायचं ना!"

"तुले सांगतं तर तू ॲक्टिंग करता. मंग बठ्ठं उघडं पडतं."

माझे तालमीचे व्हिडिओ मी तिला दाखवायला नको होते.

"पण तू धुळ्यात होतीस. मग ट्रंकेतून काढली कोणी?"

"तेना तपास तू करू नको," अक्का म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "मन्हाकडथाईन एक चूक व्हयनी, भाऊ. तू शोधशी, आन शोधता शोधता कोना गरिबना गळामा दोरी टाकशी, हाऊ इचार मी करा नही. त्या मानूसले आते सोडाव."

पलीकडे पायरीखाली छगन उभा होता. धुतलेला शर्ट घालून आला होता. हातात आधार कार्ड होतं, कोणी मागितलं नसताना.

खरं सांगितलं तर ममताचं नुकसान. गप्प राहिलो तर छगनचं. मी तिथे जाईपर्यंत पंचवीस पावलं असतील. तेवढ्यात जे सुचलं ते हेच, की या गोष्टीत आळ घ्यायला अजून एकच माणूस रिकामा आहे.

पायरीजवळ जाऊन मी म्हटलं, "पोत मीच हरवली."

ईश्वर म्हणाला, "काय?"

"ट्रंकेत ठेवलीच नव्हती. खिशात होती. गोडाऊनमागच्या कालव्याच्या पाटावर तोंड धुवायला वाकलो आणि पाण्यात पडली. अक्काच्या भीतीनं बोललो नाही. मग चोरीचं नाटक केलं. छगनचं नाव मी खोटं घेतलं."

मला वाटलं होतं, प्रश्न येतील. कुठल्या खिशात, किती वाजता, कोणी पाहिलं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. एकानं प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना ते जागच्या जागी पटलं. मुकादम तर म्हणाला, "मले वाटलंच होतं."

ईश्वरनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "मामा, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही." अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिला ते ऐकून घ्यावं लागलं. रिक्षात बसताना तिनं माझा हात एकदा दाबला, तोही ईश्वरला दिसणार नाही असा.

छगनच्या पाया पडायला मी वाकलो. वर्दी नव्हती, पण पोट होतंच. त्यानं पाय मागे घेतले आणि चालू लागला.

७ जानेवारी, चाळीसगाव

ममताचं लग्न झालं. महिनाभर आधी नोटीस दिलेली होती, म्हणून सकाळी जळगावला सह्या झाल्या आणि इथं पंधरा माणसांचं जेवण. पौष आहे म्हणून कोणीतरी कुरकुरलं. नवरदेव म्हणाला, "आम्हाला रजा मिळाली तोच मुहूर्त." माणूस मला आवडला. वाढायला स्वतः उभा होता.

ईश्वर आला नाही.

ममता नमस्काराला वाकली. थंडीमुळे तिनं शाल गळ्यापर्यंत घेतली होती. वाकताना ती थोडी सरकली. गव्हाचे सात-आठ दाणे दिसले असतील. मी आशीर्वाद द्यायचा विसरलो. ती तशीच वाकून थांबली होती. शेवटी सुनितानं कोपर मारलं, "अहो, बोला काहीतरी."

"सुखी राहा," मी म्हटलं. आवाज फुटला. संवाद बिघडला, पण रीटेक मागितला नाही.

सुनितालाही रडू आवरत नव्हतं. तिचं आणि ममताचं एवढं सख्य केव्हा झालं, कोण जाणे. ती ममताला मिठी मारून कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

११ जानेवारी, फैजपूर

छगनकडे चौथ्यांदा गेलो. कामावर त्याला परत घेतलं आहे, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. शेवंताबाईनं आजपर्यंत पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आज पाट मांडला.

मी म्हटलं, "फिल्म राहू दे छगन. मी फिल्मसाठी आलोच नाही."

"फिल्म काहाले राहू देता? एवढे दिस मी काम केलं." मग म्हणाला, "करतो. पन आता मी चोर होनार नाही."

"मग?"

"मी इन्स्पेक्टर. तुमी चोर."

"अरे, निम्मी फिल्म झालीये!"

"मंग राहू द्या."

मी तिथंच हो म्हटलं. ललितनं डोक्याला हात लावला. सगळं नव्यानं शूट करायचं. वर्दी छगनला लहान होते, त्यामुळे ती माझ्यावर जितकी वाईट दिसायची तितकीच त्याच्यावरही दिसते.

१४ जानेवारी

आज संक्रांत, आणि शेवटचा प्रसंग. इन्स्पेक्टर चोराला पकडतो आणि एक थोबाडीत देतो, असं मीच लिहिलं होतं. तेव्हा देणारा मी होतो.

गोडाऊनचे सगळे हमाल खोक्यांवर बसून पाहत होते. शेवंताबाई पहिल्या रांगेत. मुकादमही आला होता. छगननं माझी कॉलर धरली आणि विचारलं, "भाऊ, खरं मारू का खोटं?"

मी म्हटलं, "कॅमेऱ्यात खोटं दिसतं."

पहिली बसली तेव्हा गोडाऊन गप्प झालं. ललित म्हणाला, "ओके आहे." छगन म्हणाला, "माझं बोलनं चुकलं. पुन्ना." दुसऱ्या वेळी त्याची टोपी पडली. तिसऱ्या वेळी माशी आली, असं तो म्हणाला. मला दिसली नाही. चौथ्यापासून हमाल हसायला लागले, पाचव्याला शेवंताबाई हसली. सहाव्याला छगनच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यानं हात वर नेला आणि तसाच माझ्या खांद्यावर ठेवला.

"बस झालं भाऊ. हा घ्या तिळगूळ." खिशातून काढून त्यानं तो माझ्या तोंडात घातला. जबडा हलत नव्हता, तरी चावला. ललितनं हे सगळं टिपलं आणि म्हणतो, फिल्मचा शेवट हाच ठेवायचा.

घरी आलो तेव्हा गाल पुरीसारखा फुगला होता. सुनितानं हळद तापवून लावली. लावता लावता विचारते, "अहो, ती पोत खरंच पाटात पडली होती का?"

अक्काला शब्द दिला आहे. मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "हो. माझ्याच हातून."

तिनं एका शब्दानंही जास्त विचारलं नाही. विश्वास ठेवला बिचारीनं. तिच्यापासून लपवताना जड जातं, पण काय करणार? साधी आहे. एवढी मोठी गोष्ट तिच्या पोटात एक दिवस राहायची नाही.

मग हळदीची वाटी खाली ठेवून ती हसत सुटली. पदरानं डोळे पुसते आणि परत हसते. का हसतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही हो. गाल वाकडा दिसतोय."